नगरसेवक नसताना नेमकं काय अडलं?

उंबरठा
१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या महापालिकांचं मतदान झालं, त्याआधी २ डिसेंबर २०२५ ला नगरपालिकांचं. आता सगळीकडे 'अखेर लोकशाही परतली' असं वाचतोय. म्हणून हा धागा.

मुंबई, पुण्यासह बहुतेक मोठ्या महापालिकांत मार्च २०२२ पासून नगरसेवक नव्हते, सरकारने नेमलेले प्रशासक होते. नवी मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथे तर २०२० पासून. या काळात पाणी येत होतं, कचरा उचलला जात होता, जन्मदाखले मिळत होते. रस्ते खराब होते, पण ते आधीही होतेच. माझ्या दृष्टीने एकच फरक पडला, चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स कमी झाले.

माझं मत स्पष्ट सांगतो. शहर चालवणं हे व्यवस्थापनाचं काम आहे. आमदार-खासदार आपण निवडतोच. पालिका प्रशिक्षित अधिकाऱ्यांकडे राहिली तर काय बिघडतं? प्रतिसाद देताना 'लोकशाही धोक्यात' हे पालुपद नको. नगरसेवक नसल्यामुळे तुमचं स्वतःचं काय अडलं, ते ठोस सांगा.

बंडोपंत बिघडले
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. माझी बोटावरची खूण आज सकाळी साबणाने गेली, त्यामुळे लोकशाही परतल्याचा माझ्याकडे पुरावा नाही.

सोनचाफा
ठोस हवंय ना, घ्या. आमच्या भागात एक छोटी बाग आहे. तिच्यातला निम्मा भाग वाहनतळासाठी घेण्याचं काम प्रशासकाच्या काळात सुरू झालं. पत्रे लागले तेव्हा कळलं. आम्ही बायका क्षेत्रीय कार्यालयात गेलो. "मुख्यालयातून मंजूर आहे, आमच्या हातात नाही." मुख्यालयात गेलो. "स्थानिक गरज म्हणून क्षेत्रीय कार्यालयानेच मागणी पाठवली होती." दोन्ही साहेब अतिशय सौजन्याने बोलले हो, तक्रार नाही. पण रागवायचं कुणावर तेच कळेना. शेवटी माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं तोवर झाडांची छाटणी झाली होती.

आमच्या जुन्या नगरसेवकाला मी कधीही मत दिलेलं नाही. पण तो सापडायचा. लग्नात, मयताला, भाजीच्या गाडीपाशी. तिथे चारचौघांत विचारलं की त्याला उत्तर द्यावंच लागायचं, कारण पाच वर्षांनी दारात यायचंय. अधिकारी तीन वर्षांत बदली होऊन जातो.

उंबरठा
ताई, अनुभव खरा असणार. पण हाच नगरसेवक त्या वाहनतळाच्या ठेकेदाराचा मेहुणा असता तर? तेव्हा रागवायला माणूस असता, बाग मात्र नसतीच.

वाकडी वाट
उंबरठा यांच्याशी अर्धा सहमत. 'टक्केवारी' आपल्याला काही प्रशासकांनी शिकवली नाही. आमच्याकडे एकाच गल्लीत चार वर्षांत तीनदा फरशा बदलल्या, प्रत्येक वेळी वेगळ्या नगरसेवकाच्या नावाची पाटी.

पण मग मला सांगा, प्रशासक आले म्हणून टक्केवारी थांबली असं कोणी म्हणतंय का? वाटेकरी कमी झाले असतील फार तर.

खडूफळा
'टक्केवारी' वाचून जीव जळला, पण नाकारता येत नाही.

जुनी फाईल
मी नोकरीची बरीच वर्षं एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात काढली. विषयपत्रिका तयार करणं, इतिवृत्त लिहिणं, ठराव संबंधित खात्याला पाठवणं हे आमचं काम. त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

कायद्यात आयुक्त आणि सभागृह वेगळे ठेवले आहेत. कामं करून घेण्याचा अधिकार आयुक्तांचा. पैशाला मंजुरी स्थायी समितीची, धोरणाला सर्वसाधारण सभेची. मुंबईचा कायदा १८८८ चा, बाकीच्या महापालिकांचा १९४९ चा, पण रचना तीच. म्हणजे आयुक्त आजसुद्धा 'प्रशिक्षित अधिकारी'च असतात. उंबरठा जे मागताहेत ते इंग्रजांच्या काळापासून आहेच. सभागृहाचं काम त्या अधिकाऱ्याला विचारायचं.

प्रशासक आला की काय होतं? आयुक्त म्हणून साहेब प्रस्तावावर सही करतात. मग तीच फाईल स्थायी समितीचे अधिकार वापरणारे प्रशासक म्हणून त्यांच्याचकडे येते आणि ते ती मंजूर करतात. ठराव क्रमांक पडतो, तारीख पडते. कागद अगदी नियमात. फक्त प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस. माझ्या नोकरीत स्थायी समितीच्या बैठका दीड-दोन तास चालायच्या. त्यातला तासभर फालतू बोलणं, हे मान्य. पण उरलेल्या वेळात कुणीतरी विचारायचा, "मागच्या वर्षी हेच काम निम्म्या दराने कसं झालं होतं?" विचारणाऱ्याचा हेतू नेहमीच शुद्ध असायचा असं नाही. बऱ्याचदा त्याच्या माणसाला काम मिळालेलं नसायचं. तरी प्रश्न इतिवृत्तात यायचा, पत्रकार कक्षात कान टवकारले जायचे, आणि खात्याला लेखी खुलासा द्यावा लागायचा.

नगरसेवक एकमेकांवर जळत असत, त्यातून शहराला माहिती मिळत असे. प्रशासकावर जळायला कोणी नसतं.

कोरा कागद
जुनी फाईल +१००. शेवटचा परिच्छेद तर खासच.

वाकडी वाट
मुंबईचं उदाहरण याला जोडून. २०२३ मध्ये रस्ते काँक्रीटचे करण्यासाठी सुमारे ६,००० कोटींची कंत्राटं निघाली. सभागृह नाही, स्थायी समिती नाही. विरोधकांनी आरोप केले ते पत्रकार परिषदेत, पालिकेने उत्तर दिलं ते प्रसिद्धिपत्रकात. आरोप खरे होते की खोटे हा मुद्दा बाजूला ठेवा. पण ते जिथे तपासायचे ती खोलीच कुलूपबंद होती. २०२५-२६ चा मुंबईचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. तो आयुक्तांचाच, आणि मंजूर करणारे प्रशासकही तेच.

बंडोपंत बिघडले
"मी मला विनंती करतो की मी मांडलेला प्रस्ताव मी एकमताने मंजूर करावा." गणपूर्तीचा प्रश्न नाही, सभात्याग नाही, चहाचं बिलही एकच कप.

उंबरठा
विनोद आवडला. पण प्रशासकावर राज्य सरकार असतं, त्यावर विधिमंडळ असतं. तो काही राजा नव्हे. विधानसभेत पालिकेवर प्रश्न विचारले गेलेच की.

अॅड. निरभ्र
उंबरठा, तुम्ही नेमकी दुखरी नस पकडलीत. प्रशासक राज्य सरकारला बांधील असतो. म्हणजे शहराचा कारभार मंत्रालयातून चालतो. हेच होऊ नये म्हणून ७४वी घटनादुरुस्ती झाली, जून १९९३ पासून लागू. त्याआधी राज्य सरकारं पालिका वाटेल तेव्हा बरखास्त करून वर्षानुवर्षं प्रशासक बसवत. मुंबईतही १९८४-८५ मध्ये प्रशासक होता.

आता अनुच्छेद २४३-यू म्हणतो की पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. बरखास्त केली तर सहा महिन्यांत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या किशनसिंग तोमर खटल्यात हे ठणकावून सांगितलं. राज्य निवडणूक आयोगाने सबबी सांगू नयेत, सरकार सहकार्य करत नसेल तर कोर्टात यावं. इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना चार वर्षं गेली. पाणी आलं की नाही हा निकष लावायचा तर विधानसभा निवडणूकही पुढे ढकलता येईल. मंत्रिमंडळ नसलं तरी तलाठी सातबारा देतोच.

माळरान
तलाठी सातबारा देतोच?? वकीलसाहेब, कधी आलात आमच्या गावाला? :)

खडूफळा
निवडणुका कुणी अडवल्या हे मात्र एकदा नीट कुणीतरी लिहा. प्रत्येक पक्षाचा कार्यकर्ता दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

अॅड. निरभ्र
थोडक्यात लिहितो, कारण पूर्ण लिहिलं तर कुणी वाचणार नाही.

४ मार्च २०२१ ला विकास गवळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण द्यायचं तर आधी समर्पित आयोग, मग संस्थानिहाय आकडेवारी, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत. राज्याकडे अशी आकडेवारी नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये ओबीसींच्या २७ टक्के जागांना स्थगिती मिळाली. "ओबीसी आरक्षणाशिवाय निवडणूक नको" यावर सत्ताधारी आणि विरोधक यांचं एकमत झालं. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला, तोही एकमताने. हे लक्षात ठेवा. महाविकास आघाडीने मुंबईचे प्रभाग २२७ वरून २३६ केले होते, जून २०२२ मध्ये आलेल्या सरकारने ते पुन्हा २२७ वर आणले. मधल्या काळात ओबीसी आकडेवारीसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आला, जुलैमध्ये न्यायालयाने तो मान्यही केला. पण बदललेल्या प्रभागांवर याचिका झाल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये 'जैसे थे'चा आदेश आला.

मग तारखा. आणि तारखा. ६ मे २०२५ ला न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, पुढे ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली. आता कुणाचं बोट कुणाकडे हवं ते ठरवा. माझ्या मते तीनही बाजूंना पुरतील इतकी बोटं आहेत. २००६ चा निकाल देणारं न्यायालयही त्यात आलं.

सोनचाफा
म्हणजे वाहनतळासारखंच. ते म्हणतात यांनी, हे म्हणतात त्यांनी.

खडूफळा
धन्यवाद वकीलसाहेब. पण एक बाजू सुटतेय असं वाटतं. ओबीसींच्या जागा खुल्या करून निवडणूक उरकली असती तर पाच वर्षं एक मोठा समाज सभागृहाबाहेर बसला असता. मी गावाकडच्या शाळेत शिकवतो. आरक्षण नसतं तर ज्यांना कधी उमेदवारीही मिळाली नसती असे सरपंच आणि सदस्य मी पाहिले आहेत. बायकांना ५० टक्के जागा २०११ पासून आहेत. सुरुवातीला 'सरपंचपती' कारभार करायचे, आता त्याच बाया ग्रामसेवकाला हिशेब विचारतात. त्यामुळे थांबण्याची मागणी निव्वळ सबब होती हे मला मान्य नाही.

वाकडी वाट
सर, भावना समजते. पण हिशेब बघा. थांबल्यामुळे ओबीसींना त्या चार वर्षांत किती टक्के मिळाले? शून्य. बायकांना? शून्य. अनुसूचित जातींना? शून्य. प्रशासकाच्या खुर्चीला आरक्षण नसतं.

खडूफळा
हा मुद्दा खोडता येत नाही. तरीही पाच वर्षांसाठी जागा गमावणं आणि काही महिने थांबणं यात निवड करायची असं २०२१ मध्ये सगळ्यांना वाटलं होतं. काही महिन्यांची चार वर्षं झाली, तिथे सरकारांना हे सोयीचं पडलं, हे मात्र खरं. मध्य प्रदेशाच्या प्रकरणात मे २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं होतंच की आकडेवारी नाही म्हणून निवडणूक अडवता येणार नाही. वकीलसाहेब दुजोरा देतील.

अॅड. निरभ्र
दुजोरा. सुरेश महाजन खटला.

परदेशस्थ पोपट
मी अमेरिकेत एका मध्यम शहरात राहतो. इथे उंबरठा म्हणतात तसंच आहे. शहर चालवायला पगारी सिटी मॅनेजर, राजकारणी नाही. छान चालतं. भारतातही हेच हवं.

जुनी फाईल
त्या मॅनेजरला नेमतं कोण आणि काढतं कोण, तेही लिहा ना.

परदेशस्थ पोपट
निवडून आलेलं सिटी कौन्सिल.

जुनी फाईल
बरं.

बंडोपंत बिघडले
हा संवाद फ्रेम करून नगरसचिवांच्या दालनात लावावा.

माळरान
तुम्ही सगळे शहरवाले महापालिकेवरच अडकलात. जिल्हा परिषदेचं कुणी बोलत नाही. आमच्या जिल्ह्यात आरक्षण ५० टक्क्यांवर जातंय म्हणून निवडणूक अजून लटकलेलीच आहे. आमचे मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक, आणि पंचायत समितीला बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी.

उंबरठा यांनी ठोस मागितलं म्हणून सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी निवडून आलेली बॉडी नसेल तर मिळत नव्हता. त्यामुळे जि.प. आणि पं.स.चा वाटा अडकला. आमच्या वस्तीच्या पाणी योजनेची दुरुस्ती त्यातून होणार होती. आता जि.प. सदस्य नाही म्हणून लोक आमदाराकडे जातात. आमदार सत्ताधारी असेल तर काम होतं, नसेल तर तो म्हणतो, "मी विरोधात आहे, माझं कोण ऐकतंय?" जि.प.त निदान विरोधी सदस्यालाही सेस फंडातून, म्हणजे जि.प.च्या स्वतःच्या उत्पन्नातून, चार कामं टाकता यायची. एखादी शाळेची खोली, एखादी मोरी.

पूर्वी कृषी समितीत बियाण्याचा विषय निघाला की सदस्य टेबल बडवायचे. तो आवाज तालुक्याच्या पेपरात यायचा. आता आढावा बैठक होते, तिचा फक्त फोटो येतो.

वाकडी वाट
माळरान, मुंबईतही हेच. सत्ताधारी आमदारांच्या मतदारसंघांना पालिकेतून निधी आणि विरोधकांना नकार, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. २०२३ मध्ये तर पालकमंत्र्यांना पालिका मुख्यालयातच दालन मिळालं. नगरसेवक गेले, राजकारण गेलं नाही. एक मजला वर चढलं.

कोरा कागद
ग्रामपंचायतींना २०२० मध्ये पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने खासगी माणसं प्रशासक म्हणून नेमायचं घाटत होतं, आठवतंय का? उच्च न्यायालयाने मध्ये पडून सरकारी अधिकारीच नेमा म्हटलं, म्हणून वाचलो. नाहीतर आमच्या गावात कुणाची वर्णी लागली असती ते नाव मी इथे लिहित नाही, तो हा धागा वाचतो.

बंडोपंत बिघडले
नमस्कार, वाचतोय.

अॅड. निरभ्र
अवांतर आहे, पण राहवत नाही. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहार सरकारच्या राजपत्रांचा अभ्यास करून दाखवलं होतं की १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश विधिमंडळापुढे न नेता पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले. त्यावर ते स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९८६ मध्ये निकाल लागला की हा घटनेशी खेळ आहे. तात्पुरती सोय कायमची होते ती अशी. तेव्हाही बिहारमध्ये कुणाचं काही 'अडलं' नसणार. कायदे होतेच की, फक्त सभागृहाने केलेले नव्हते. आणि हे राजपत्रं चाळत बसणाऱ्या एका अभ्यासकामुळे कळलं.

परदेशस्थ पोपट
हे माहीत नव्हतं. प्रशासकाचंही असं कुणीतरी मोजायला हवं. किती ठराव, किती कोटींचे.

उंबरठा
प्रतिसाद वाचतोय. पुष्कळ माहिती मिळाली, विशेषतः जुनी फाईल आणि माळरान यांच्याकडून. तरी माझी तक्रार तुम्ही सगळे हळूच टाळताय. मान्य, विचारणारं सभागृह हवं. पण आत्ता निवडून आलेलं सभागृह विचारेल का? बऱ्याच ठिकाणी उमेदवार बिनविरोध आले, मतदारांना बटणही दाबायला मिळालं नाही. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे नोटाला सर्वाधिक मतं मिळाली तर फेरनिवडणूक होते, पण मतदानच नाही तर नोटा कुठून येणार? पुण्यात ४१ प्रभागांत १६५ नगरसेवक. एका प्रभागात चार, एका ठिकाणी पाच. सोनचाफाताईंनी बागेसाठी चौघांपैकी कुणाला गाठायचं? आता तर टोलवाटोलवीला घरातच चार माणसं आली.

सोनचाफा
हे मात्र अगदी खरं. आमच्याकडे चार नावांचं एकच पत्रक आलं होतं. त्यातल्या दोघांना मी अजून पाहिलेलं नाही.

वाकडी वाट
चार सदस्यांचा प्रभाग मतदारासाठी नाहीच, पक्षासाठी आहे. एक वजनदार उमेदवार बाकी तिघांना ओढून नेतो. पुण्यात २०१२ ला दोनचा होता, २०१७ ला चारचा. जो सत्तेत येतो तो आकडा बदलतो. उंबरठा, तुमची ही तक्रार टाळत नाही, उलट यावर वेगळा धागा काढा. पण यावर इलाज एकसदस्यीय प्रभाग हा आहे, प्रशासक हा नाही.

उंबरठा
एकसदस्यीय प्रभाग मुंबईत आहेच. तिथले नगरसेवक फार प्रश्न विचारत होते असं म्हणायचंय?

जुनी फाईल
काही विचारत होते, बरेच नव्हते. तीस-पस्तीस टक्के सदस्य पाच वर्षांत सभागृहात तोंड उघडत नसत, असा माझा आमच्याकडचा अंदाज. तरी उरलेले पुरतात. सगळ्यांनी बोललं पाहिजे असं नाही, कुणालाही बोलता आलं पाहिजे.

तुम्हाला खरंच तपासायचं असेल तर नव्या स्थायी समितीचं पहिल्या सहा महिन्यांचं काम बघा. तीन गोष्टी पाहायच्या. एक, प्रशासकाच्या काळातल्या मोठ्या कंत्राटांची माहिती कुणी मागितली का. दोन, ऐनवेळचे विषय किती घेतले. गडबड असते ती तिथेच, छापील विषयपत्रिकेत नसते. तीन, आयुक्त महापालिका कायद्याच्या कलम '६७ (३) (क)' खाली निविदेविना तातडीची कामं करतात, त्यांची यादी समितीपुढे येते का आणि ती नुसती 'अवलोकनार्थ' म्हणून सरकते का. इतिवृत्तं सार्वजनिक असतात. संकेतस्थळावर नसतील तर नगरसचिव कार्यालयात अर्ज करायचा.

सोनचाफा
काका, सर्वसाधारण सभेला आम्हाला आत बसता येतं का?

जुनी फाईल
येतं. प्रेक्षक गॅलरी असते. नगरसेवकाच्या चिठ्ठीवर किंवा नगरसचिवांकडून पास मिळतो. महिन्याला एक तरी सभा होते. डबा घेऊन जा, वेळेवर सुरू होत नाही.

सोनचाफा
चौघांपैकी एकाचा फोन लागला. चिठ्ठी देतो म्हणाला. "कशाला येताय?" असंही विचारलं.

माळरान
ताई, जाऊन आलात की इथे लिहा. आमच्याकडे सभाच नाही, तुमचीच वाचू.

उंबरठा
त्या यादीतल्या ६७ (३) (क) चा अर्ज मी करतो. जुनी फाईल, नमुना व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?